हसऱ्या दारात उभा राहतो

१

सोंगाला न्हाऊ घातलं आणि त्याचं हसू वाहून गेलं.

पळसमाळचं सगळं गाव डोहावर जमलं होतं. संबळवाला होता, पिपाणीवाला होता, पोरं खडकांवर माकडांसारखी बसली होती. चैत्रात पळसमाळचा बोहाडा असतो, देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव, आणि बोहाड्याच्या आदल्या सकाळी सोंगांना, म्हणजे मुखवट्यांना, डोहात न्हाण असतं. गणपती झाला, मारुती झाला, त्राटिका झाली. मग लखमा आजा पुढे आला. त्याच्या हातात, लाल फडक्यात गुंडाळलेला, हसऱ्या.

गणपती-मारुतीची सोंगं सतरा गावांत सापडतील. हसऱ्या मात्र एकट्या पळसमाळचा. बाकीचे राक्षस दात विचकतात, जीभ काढतात. हसऱ्या देखणा आहे. लांब डोळे, कोरलेली मिशी, डाव्या गालावर खळी, आणि हसू असं, की बघणाराही नकळत हसतो. तो कुणाला मारत नाही. दिवेलागणीला दारोदार जातो, मान झुकवतो आणि लोण्यासारख्या आवाजात विचारतो, “काय पायजे?” तीनदा विचारतो. घरातल्या माणसानं एकच उत्तर द्यायचं, “कायच नाय पायजे.” मनातलं ज्यानं सांगितलं, तो त्याचा झाला. पळसमाळची पोरं चालायच्या आधी हे शिकतात.

लखमा आज्यानं फडकं सोडलं. आंब्याच्या डहाळीनं मुखवट्यावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा गुंडाळायला लागला.

“लखमादादा, न्हाण हाय का शिंतोडं?” कुंडलिक म्हणाला. कुंडलिक गावकीचा पुढारी. “बुडव की नीट!”

“झालं न्हाण.”

“कसलं झालं? त्राटिका नाकापर्यंत बुडवली न् याला काय सर्दी होतेय?”

लोक हसले. आजा हसला नाही. मग कुंडलिकनंच कळशी भरली आणि मुखवट्याच्या तोंडावर ओतली.

आधी मिशी ओघळली. मग लाल ओठ हनुवटीवरून खाली आले आणि टपटप डोहात पडले. खाली मऊ, करडा, भिजलेला कागदाचा लगदा उघडा पडला. पणज्याच्या पणज्यानं सागाच्या ओंडक्यातून कोरलेला हसऱ्या नव्हताच तो.

संबळ थांबला. पोरं खडकांवरून उतरली.

“खरं सोंग कुठंय, लखमादादा?”

आज्यानं भिजलेलं सोंग छातीशी धरलं.

“लाकूड न् कागद. हातात घेतलंस तवा वजन नाय कळलं तुला?”

गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, “इकलं असंल.” मग ते सगळ्यांच्याच तोंडी झालं.

कुंडलिकनं कळशी खाली ठेवली. “उद्या दिवे लागायच्या आत सोंग कुठं गेलं ते सांग. नायतर तुझ्या घराचा मान गेला, न् तू बोहाड्याच्या मैदानात पुन्हा पाय ठेवायचा नाय.”

तेव्हा गर्दीतून एक आवाज आला. चढा, जरा फाटलेला, पण ठाम.

“मी शोधते!”

लखमा आज्याची नात. दिपिका.

२

दिपिका धसईच्या शाळेत दहावीला. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. मग मुरबाडच्या वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी तिला ढकलून उभं केलं, आणि काय झालं कोण जाणे, बांध फुटावा तशी ती बोलली. पहिला नंबर! तेव्हापासून बोलणं थांबलेलंच नव्हतं. एसटीच्या कंडक्टरपासून शेजारच्या कोंबडीपर्यंत सगळ्यांना ती प्रश्न विचारी.

पण त्या सकाळी घरी आल्यावर तिला पहिला प्रश्न सुचेना. आजा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

हसऱ्यासुद्धा वर्षभर असाच असतो. माळ्यावर, खुंटीला, भिंतीकडे तोंड करून. घरातल्या माणसांशी त्याची नजरानजर नको म्हणून.

“आजा, कोण आलं होतं माळ्यावर?”

ठकी आजीनं पेजेचा वाडगा समोर ठेवला. आज्यानं हात लावला नाही.

“खा वो,” आजी म्हणाली. “तुमचं औषध हाय त्याच्यावर.”

आज्याच्या छातीत पावसाळ्यापासून शिट्टी वाजत होती. जड सोंग आता डोक्यावर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी शहापूरला स्पष्ट सांगितलं होतं. आजा त्यांना म्हणाला होता, “डाक्टरसायेब, तुमी तुमची ती कानातली नळी सोडाल का?”

दिपिका माळ्यावर चढली. कौल हललेलं नाही. कडी शाबूत. आजच्या सकाळपर्यंत नकली सोंग अस्सल खुंटीला, अस्सल पद्धतीनं, भिंतीकडे तोंड करून टांगलेलं होतं. बाहेरच्या चोरानं ते सुबक दिसावं म्हणून तोंड आपल्याकडेच केलं असतं.

तिनं डोहावरून आणलेला ओला मुखवटा मांडीवर घेतला. समोरून चेहरा गेला होता. उजव्या गालावर, कानाजवळ मात्र रंग शिल्लक होता, आणि त्यावर तीन काळपट पट्टे. काजळी, तिला वाटलं. मग तिनं तो उलटा केला.

आत, कपाळाच्या उजव्या बाजूला, कुणीतरी एक छोटी गादी शिवली होती. जुन्या लुगड्याचं मऊ फडकं, घडीवर घडी, बारीक टाक्यांनी.

दिपिकाचं बोट तिथंच थांबलं. खऱ्या हसऱ्याच्या आत, नेमक्या त्याच जागी, सागाची एक गाठ होती. ती दर वर्षी आज्याचं कपाळ सोलून काढायची. घासून घासून तिथं घट्टा पडला होता. लहानपणी ती त्याला ‘आज्याचा टिळा’ म्हणायची.

कागदाच्या मुखवट्यात कुठली आली गाठ? तिथं टोचण्यासारखं काहीच नव्हतं. तरी कुणीतरी गादी शिवली होती.

हा कसला चोर? ज्याला लुटायचं, त्याच्या कपाळाची काळजी करतो?

३

संशय पहिला सुदामकाकावर. सगळ्या गावाचाच होता. सुदाम आज्याचा धाकटा मुलगा. हसऱ्याचा मान पुढे त्याच्याकडे यायचा, पण आजा देईना. होळीला दोघांचं एवढं वाजलं होतं, की संबळापेक्षा त्यांचाच आवाज मोठा.

“त्याच्या पायात ताल नाय,” आजा म्हणायचा. “हा हसऱ्या झाला तर लोक भिऊन ‘कायच नाय’ म्हणतील. मोहात पडून नाय. मोह पायजे! मोह झाला तरी ‘नाय’ म्हणणं, ते सोंग!”

कुंडलिकच्या बायकोनं, भिमीनं, सांगितलं, “तुझा काका रोज एक गोणी घेऊन खळ्याकडं जातो गो. लपून.”

दिपिका खळ्यावर गेली. सुदामकाका पेंढ्यामागे बसला होता. गोणी पायाशी.

“काका, गोणीत काय?”

“तुला काय करायचंय? भाषणं कर तू.”

“उघडता का मी उघडू?”

“बापावर नाय, आयवर नाय, कोनावर गेली ही!” असं म्हणत त्यानं गोणी उघडली.

आत पांगाऱ्याचं लाकूड होतं. कोरलेला चेहरा. लांब डोळे जमले होते, मिशीही बरी होती. तोंड मात्र फिसकटलेलं. किती वेळा कोरलं, पुन्हा तासलं, ते खुणांवरून दिसत होतं.

“हसू येत नाय याला,” काका म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “बाबा देत नाय तर म्हटलं आपलं आपण बनवू. उभं तर राहून बघू एकदा. कोनाला सांगू नको.”

“कुणालाच नाही सांगितलं?”

तो घुटमळला. “सुयोगभाऊला सांगितलं. त्यानं इचारलं, म्हणून.”

सुयोग.

तो माघात आला होता, बोहाड्याचा अभ्यास करायला. कुठला ते कुणाला कळलं नाही, कारण ज्या घरी जाई त्या घरची बोली बोले. उंबऱ्याबाहेर थांबायचा, “बोलवलंत तर येतो” म्हणायचा, आणि बोलावल्याशिवाय कोण राहील? नाचणीची भाकर मागून खायचा. भिमीच्या मेलेल्या म्हशीचं नाव त्याच्या लक्षात होतं. तीस वर्षांत न हसलेली ठकी आजी त्याच्या बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसली होती. आणि हसताना त्याच्याही डाव्या गालावर खळी पडे. “आमच्या हसऱ्याचा भाऊच जणू!” असं सगळं गाव कौतुकानं म्हणायचं.

दिपिकालाही तो धसईच्या स्टँडवर भेटला होता, वक्तृत्वाचं बक्षीस हातात असताना. “एवढं छान बोलतेस. तुला काय हवंय गं आयुष्यात?”

आणि ती भडाभडा बोलली होती, “मला एक केस पाहिजे! खरी रहस्याची! ती मी एकटीनं सोडवायची, सगळ्या गावासमोर!”

तो किती मनापासून हसला होता.

४

संशय दुसरा कुंडलिकवर. गावाचं नाव मोठं व्हावं म्हणून तो कायम धडपडे.

“मी कशाला चोरू?” तो भडकला. “मला तर सोंग पेपरात आणायचं होतं. सुयोगभाऊला तेच म्हटलं, आमच्या पळसमाळचं नाव सगळीकडं झालं पायजे. त्यानं इचारलं, फोटो घ्यायला घरं मोकळी कधी असतात? म्हटलं, धसईच्या बाजारादिवशी गावात कुत्रं नसतं.”

“हे तुम्ही त्याला सांगितलंत?”

“मग? चांगला माणूस हाय तो.” कुंडलिक जरा थांबला. “गेला कुठं गो तो? होळीनंतर दिसला नाय.”

म्हणजे सुयोगच! दिपिका नाचतच घरी निघाली. केस सुटली! आता पुरावा. त्याचा एखादा फोटो असेल म्हणून ती मोबाइल चाळायला लागली. होळीचे फोटो, जेवणावळीचे, शाळेचे. सुयोग एकाही फोटोत नव्हता. प्रत्येक वेळी फोटो काढायला तोच पुढे व्हायचा.

मग तिला तो फोटो दिसला. गेल्या वर्षीच्या बोहाड्याचा, तिनंच काढलेला. त्यांच्या दारात हसऱ्या उभा, शेजारी सुदामकाकाच्या हातात टेंभा. टेंभ्यापुढे काकाची बोटं आली होती आणि त्यांची सावली हसऱ्याच्या उजव्या गालावर पडली होती. कानाजवळ. तीन काळपट पट्टे.

ती धावत माळ्यावर गेली. भिजलेला मुखवटा उचलला. ती काजळी नव्हतीच.

नक्कल करणाऱ्यानं सावलीसुद्धा रंगवली होती.

हा मुखवटा तिच्या फोटोवरून बनला होता. आणि तो फोटो तिनं एकाच माणसाला पाठवला होता. त्यानं मागितला म्हणून, खाली लाल बदामाचं चित्र जोडून.

चोराला दार उघडणाऱ्यांत पहिलं नाव तिचंच होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा.

“पोचलीस का सावलीपर्यंत? शाब्बास. धसईला ये. चहा घेऊ.”

५

धसईच्या स्टँडसमोरच्या टपरीवर तो बसला होता. पांढरा शर्ट, एक डाग नाही. भाताची पोती उतरवणारे हमाल येता-जाता त्याला हात करत होते.

“बस. साखर जास्त सांगितलीये तुझ्यात. आवडते ना?”

“सोंग कुठंय?”

“माझ्याकडे.” किती सहज! “आपलंच चित्र कुणी भिंतीकडे तोंड करून टांगलं, तर तुला आवडेल?”

“चोर आहात तुम्ही.”

“नाही गं,” तो जरासा दुखावल्यासारखा म्हणाला. “मी आजवर काहीच चोरलं नाही. मला लोक देतात. तू फोटो दिलास. कुंडलिकनं वेळ दिली. सुदामनं कुठली खुंटी, कुठली बाजू, सगळं सांगितलं, बिचारा मन मोकळं करत होता. मी फक्त विचारलं, काय हवंय. तुमच्याकडे हे कुणी कुणाला विचारत नाही वाटतं? केवढे भुकेले असता सगळे.”

दिपिकाच्या हातात पेला तसाच राहिला.

“पण खुंटीवरून काढलं कुणी?” तो पुढे झुकला. खळी पडली. “मी तर तुमच्या माळ्यावर कधी पाय टाकला नाही. बाजारादिवशी गावात कुत्रं नसतं. एक माणूस मात्र त्या दिवशी पाय दुखतात म्हणून घरी राहिलं. गादी बघितलीस ना कपाळावरची? सुदाम शिवेल अशी? त्यानं सोंग कधी डोक्यावर घेतलंच नाही. त्याला गाठ ठाऊक नाही. दर वर्षी त्या जखमेला हळद-तेल कोण लावतं, दिपिका?”

दिपिकानं पेला बाकावर ठेवला.

“तिला काय हवं होतं, तेवढं मी विचारलं,” तो म्हणाला. “म्हातारा नाचायचा थांबणार नाही, निदान ओझं तरी हलकं होऊ दे, एवढंच म्हणाली. मी पिसासारखं सोंग बनवून दिलं. पाण्याचं तिनं विचारलं नाही. आणि बघ, हलक्या सोंगावरसुद्धा गादी शिवली. मला फार आवडली ती.”

खरंच आवडल्यासारखं म्हणाला. त्यामुळेच दिपिकाला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

“आता ऐक. सुदामच्या गोणीत अर्धवट मुखवटा आहे. गाव त्याला चोर मानायला तयारच आहे. त्याचं नाव घे. आजा सुटेल, आजी सुटेल, तुझं नाव पेपरात. काका काय, चार दिवस रुसेल.” तो उठला. “तुला केस हवी होती ना? सगळ्या गावासमोर? घे. मी दिलेला शब्द मोडत नाही.”

एसटी आली, धुरळा उठला. धुरळा बसला तेव्हा बाकावर दोन पेले होते. त्याचा पेला भरलेला, अजून वाफाळत होता.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी दिपिका आज्याजवळ बसली. आजी पाणी आणायला गेली होती.

“आजा, तुम्हाला डोहावर जायच्या आधीच कळलं होतं.”

आज्यानं मान वळवली.

“तुम्ही बुडवलं नाही. शिंपडलं. म्हणजे भिजलं तर विरघळेल हे न्हाणाआधीच ठाऊक होतं. खुंटीवरून काढताना वजन कळलं, आणि आत बोट गेलं तेव्हा ती गादी.”

आजा भिंतीला टेकला. छातीत शिट्टी वाजली.

“तिचं पिवळं लुगडं ते,” आजा म्हणाला. “सुदाम पोटात होता तवा घेतलेलं, धसईच्या बाजारातून. त्याची चिंधी मी हजार चिंध्यांत वळखीन.” त्यानं कपाळावरच्या घट्ट्याला हात लावला. “सोंग गेलं त्याचं मला काय वाटलं असंल, ते तुला नाय कळायचं बाय. बापाचा चेहरा गेल्यावानी. पण तिनं माझ्यासाठी केलं. तिला मैदानात उभी करू? चोर म्हणू? चाळीस वरसं माझी जखम धुतली तिनं.”

“मग तुम्हीच चोर ठरणार?”

“ठरू दे. मी तसाबी किती दिवस?”

“आजा!”

“तू काय बोलू नको. तुला शपथ हाय.”

आयुष्यात पहिल्यांदा बोलता यायला लागलं होतं, आणि आता हे.

७

ऊन उतरलं. गाव मारुतीच्या पारापुढे जमलं. मुलं पुढे, पुरुष मधे, बायका कडेला. दिपिका पारावर चढली. सगळ्या नजरा तिच्याकडे. हेच तर तिनं मागितलं होतं.

“सोंग सुयोगनं नेलं,” ती म्हणाली. गलका झाला. तिनं हात वर केला. “पण त्याला ते दिलं आपण. हा बघा गाल. ही काजळी नाही, सावली आहे. माझ्या फोटोतली. तो फोटो मी दिला. त्यानं विचारलं तुला काय पाहिजे, आणि मी सांगितलं.”

पिंपळाची पानं ऐकू यायला लागली.

“अजून कुणी कुणी सांगितलं?”

कुंडलिक खाली बघत म्हणाला, “बाजाराचा दिवस मी सांगितला.”

“खुंटी मी सांगितली,” सुदामकाका म्हणाला. “बाबा, चुकलं माझं.”

मागून भिमी म्हणाली, “मला पण इचारलं होतं त्यानं. मी पण बोलले.” मग आणखी कुणी. मग आणखी कुणी. चालायच्या आधी शिकलेला धडा मुखवटा नसलेल्या माणसानं विचारल्यावर सगळं गाव विसरलं होतं.

“ते झालं,” कुंडलिक घसा खाकरून म्हणाला. “पण तुमच्या माळ्यावर परका चढत नाय. मग खुंटीवरून सोंग काढून हे टांगलं कोनी?”

लखमा आजा उठायला लागला. “मी...”

“ते मला सापडलं नाही,” दिपिका मोठ्यानं म्हणाली.

गावानं श्वास सोडला. हुशार पोर, पण पोरच ती. कुणीतरी हसलंसुद्धा. “एवढं भाषण करून चोर नायच घावला व्हय!” उत्तर दिपिकाच्या जिभेवर होतं. तिनं ते गिळलं. इतकं जड तिनं आजवर काही गिळलं नव्हतं.

“सापडलंय तिला.”

बायकांमधून ठकी आजी पुढे आली. पदर नीट केला.

“पोरगी खोटं बोलतेय माझ्यासाठी. मी काढलं. मी टांगलं. ह्यांना उचलवत नाय आता. रातभर छाती वाजते ती मी ऐकते, तुमी नाय. हलकं सोंग मिळालं तर एक वरीस आणिक निघंल म्हटलं.” ती आज्याकडे वळली. “मला काय ठाऊक, ते ह्यांचं हसूच वाहून नेईल.”

आज्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुखवट्याआडचा तो चेहरा गावानं कधी रडताना पाहिला नव्हता.

“उठा,” आजी हळूच म्हणाली. “लोक बघतात.”

“बघू दे,” आजा म्हणाला.

८

कुणी शिक्षा सुनावली नाही. कोण कुणाला सुनावणार? कुंडलिक एवढंच म्हणाला, “या वर्षी हसऱ्या उभा राहायचा नाय. चेहराच नाय तर काय?”

“चेहरा गेला,” आजा म्हणाला. “दारं हाईत ना?”

दिवेलागणीला तो निघाला. उघड्या तोंडानं. कपाळावर घट्टा, गालफडं बसलेली, डोळे सुजलेले. पुढे टेंभा घेऊन सुदामकाका. संबळ हळू वाजत होता. दारात थांबायचं, मान झुकवायची, विचारायचं, “काय पायजे?”

आवाज तोच, लोण्यासारखा. पण या वेळी मुखवटा नव्हता, ओळखीचा म्हातारा होता, आणि त्याला खोटं सांगणं कुणाला जमेना. त्यानं तिसऱ्यांदा विचारल्यावर भिमीनं कसंबसं “कायच नाय” म्हटलं आणि दाराआड गेली. कुंडलिकनं मान खाली घालूनच म्हटलं.

शेवटी तो स्वतःच्या दारात आला. छातीतली शिट्टी आता संबळाच्या वर ऐकू येत होती. उंबऱ्याच्या आत आजी. तिच्यामागे दिपिका.

“काय पायजे?”

आजीनं चौकट धरली.

“काय पायजे?”

तिचे ओठ हलले. दिपिकाला कळत होतं ती काय म्हणणार. सगळ्या गावाला कळत होतं. एवढंसं तर मागणं होतं, आणखी एक वर्ष.

“ठके,” आजा विचारायचं सोडून हलकेच म्हणाला, “म्हण गो. नायतर मला पुढं जाता येत नाय.” आणि मग तिसऱ्यांदा, “काय पायजे?”

“कायच नाय,” आजी म्हणाली. “कायच नाय पायजे. जावा.”

तो वळला. टेंभ्याचा उजेड गल्लीतून उतरत गेला. आजी चौकट सोडेना.

दिपिकाचा मोबाइल थरथरला. अनोळखी नंबर.

*केस सुटली ना? अभिनंदन. आता काय हवंय?*

तिनं गल्लीकडे पाहिलं. आज्याची पाठ अजून दिसत होती, प्रत्येक पावलाला जराशी थांबत. तिलाही आजीचंच मागणं मागायचं होतं. मग तिनं आजीच्या हाताशेजारी आपलाही हात चौकटीवर घट्ट रोवला, आणि दुसऱ्या हातानं एक-एक अक्षर करत लिहिलं.

*कायच नाय.*